ओंजळीत येईपर्यंत

पहाटे साडेपाच

ओझरला जानेवारीतली पहाट हाडांपर्यंत पोचते. निफाड तालुक्यात पारा किती उतरला ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या आकड्यांवरून पेपरात छापून येतं, पण त्याआधीच द्राक्षबागांमध्ये पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर गल्लीत उतरलेला असतो. मी मोठा दिवा न लावता झिरोच्या लाल बल्बच्या उजेडात मागच्या खोलीत जाते. उंदरांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. त्यांच्या लेखी खोलीत अंधार असतो आणि मला मात्र त्यांची हालचाल दिसते.

पिंजऱ्यात तीन माद्या आहेत, साधारण पाच आठवड्यांच्या. दोन पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या आणि एक फिकट तपकिरी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकेकीचं वजन बारा ते पंधरा ग्रॅम भरतं. इतक्या लहान देहातली ऊब भराभर निघून जाते, म्हणून थंडीत पहिली तपासणी घरट्याची. नारळाच्या करवंटीला एका बाजूने दार पाडलंय आणि आत टिश्यू पेपरच्या पट्ट्या आहेत. कापूस मी घालत नाही, त्याच्या तंतूंत पिल्लांचे पाय अडकतात. आज पट्ट्यांचा गोळा नीट घट्ट बांधलेला दिसतोय. म्हणजे रात्री तिघी एकमेकींना चिकटून झोपल्या असणार.

ही पिल्लं माझी नाहीत. पलीकडच्या गल्लीतल्या सातवीतल्या एका मुलाला त्याच्या मामाने वाढदिवसाला ती आणून दिली. पहिल्याच संध्याकाळी त्याने हात घातला आणि तर्जनीला दोन बारीक छिद्रं पडली. मग मामाला चावली, आईलाही चावली. आई म्हणाली, "जाऊ दे, बागेत सोडून ये." मुलगा खोकं घेऊन बागेच्या वाटेवर निघाला होता तेवढ्यात मला भेटला. या गल्लीत उंदीर, ससे, जखमी चिमण्या यांचं काहीही झालं की लोक माझ्याकडे येतात, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझ्या घरात पाळलेले पांढरे उंदीर पुष्कळ वर्षं राहून गेलेत.

बागेत सोडलेला पाळीव उंदीर बहुधा पहिली रात्रही काढत नाही. पिंगळा, गव्हाणी घुबड, मुंगूस, मांजर सगळे तिथे आहेतच, आणि पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाला यांच्यातलं कुणीच ओळखता येत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळलेल्या प्राण्याचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला टाकून देणं हा गुन्हा आहे. मला मात्र कायद्याच्या आधी त्या मुलाचा चेहरा दिसला. त्याला पिल्लं सोडायची नव्हती, फक्त त्याच्या हाताला भीती वाटत होती. म्हणून आमचं ठरलं: पिल्लं माझ्याकडे राहतील आणि तो रोज संध्याकाळी येईल.

सकाळी साडेसहा

उंदीर रात्रीचा प्राणी. पहाटेला त्याच्या दिवसाचा शेवटचा प्रहर असतो आणि संध्याकाळी पहिला. या दोन वेळा सोडून भर दुपारी पिंजऱ्यात हात घातला तर आपण त्याला गाढ झोपेतून उठवतो. पिल्लं चावतात अशी तक्रार येते तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, "कितीला हात घालता?" बहुतेक वेळा उत्तर असतं, "शाळेतून आल्यावर, तीनच्या सुमाराला."

हात धुते. साबण बिनवासाचा, कारण उंदराचं जग वासावर चालतं. नुकतीच फोडणी दिली असेल तर बोटांना लसूण-जिऱ्याचा वास असतो, मग बोट म्हणजे खाऊ वाटतो आणि पिल्लू ते चाखून बघतं. हे चाखणं हळू असतं, दात टेकवून बघण्याइतकं. भीतीचा चावा वेगळा. तो झटक्यात येतो, खोल जातो आणि लगेच पिल्लू मागे उडी मारतं. तिसरा चावा दुखण्याचा. अंग फुगलेलं, डोळे अर्धे मिटलेले, श्वास घेताना टिक-टिक आवाज येणारा उंदीर हात लागताच चावत असेल तर त्याला सवयीची गरज नाही, पशुवैद्यकाची आहे. चौथा चावा पिल्लंवाल्या आईचा. तिच्या घरट्यात पहिले काही दिवस आपलं कामच नसतं. चावा कुठला ते ओळखल्याशिवाय उपाय करायचा नाही, हा माझा नियम.

या तिघींचा चावा भीतीचा आहे. पिल्लांचे डोळे जन्मानंतर बारा ते चौदा दिवसांनी उघडतात, आणि त्या सुमाराला माणसाने त्यांना रोज थोडं हाताळलं तर ती हाताला घाबरतच नाहीत. या पिल्लांच्या वाट्याला ते आलेलं नाही. दुकानात त्यांना जो हात माहीत झाला तो वरून येऊन शेपटीला धरून उचलणारा. वरून झेपावणारी गोष्ट म्हणजे शिकारी पक्षी, ही भीती उंदराच्या रक्तात आहे. ती शिकवावी लागत नाही आणि रागावून घालवताही येत नाही.

म्हणून सकाळचा धडा फक्त हाताचा. मी पिंजऱ्याचं बाजूचं दार उघडते, पालथा हात जमिनीलगत आत सरकवते आणि कोपऱ्यात ठेवून देते. तळहाताखाली भिजवलेल्या बाजरीचे चार-पाच दाणे. बोट हलवायचं नाही, पिल्लाच्या मागे हात न्यायचा नाही, बोलायचं तर हळू, एकाच सुरात. तपकिरी मादी आधी येते. मिशा थरथरवत नखाजवळ थांबते, मागे पळते, परत येते. तिचं येणं-जाणं चालू असताना मी चहा थंड होऊ देते. दहा मिनिटं झाली की हात तितक्याच सावकाश बाहेर. ती अजून उत्सुक असतानाच थांबायचं, म्हणजे संध्याकाळी हात आत गेला की तिला आधी बाजरी आठवते.

पिल्लांना माणसाळवायचं म्हणजे आधी आपला हात शिकवायचा. पिल्लं आपोआप शिकतात. हात मात्र घाईचा असतो, त्याला पकडायचं असतं, आणि चावलं की मागे झटका देण्याची त्याला जन्मजात सवय असते. हे सगळं त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं.

सकाळी साडेनऊ

विमानं उडू लागतात. ओझर म्हणजे बाहेरच्यांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना. १९६४ मध्ये मिग विमानांसाठी तो उभा राहिला, मग सुखोई आली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला इथे तयार झालेल्या तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाने इथूनच पहिलं उड्डाण केलं. इथल्या माणसांना विमानाच्या आवाजाची सवय असते, पण पाहुणे दचकतात आणि मला हमखास विचारतात, "एवढ्या आवाजात ही पिल्लं कशी जगतात?"

खरं तर आपल्याला हादरवणाऱ्या त्या गडगडाटातला खालच्या पट्टीचा मोठा भाग उंदराला नीट ऐकूच येत नाही. एक हजार हर्ट्झच्या खाली त्याचा कान फारसा चालत नाही. वरच्या बाजूला मात्र तो ऐंशी-नव्वद हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. आपला कान वीस हजारांवर थांबतो. पिल्लं आईला हाक मारतात तीसुद्धा आपल्याला ऐकू न येणाऱ्या या वरच्या पट्टीत. म्हणून विमानापेक्षा प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर, किल्ल्यांचा जुडगा, स्टीलच्या डब्याचं झाकण आणि टीव्हीच्या मागे चालणारी बारीक शीळ यांचा त्यांना जास्त त्रास होतो. विमानाची थरथर टेबलातून पायांना जाणवते, त्यासाठी पिंजऱ्याखाली गोणपाटाची जाड घडी ठेवली आहे. खोलीत प्लास्टिकची पिशवी न्यायची नाही, ही ताकीद घरात सगळ्यांना आहे. सासूबाई सुरुवातीला हसल्या होत्या, आता त्याच आल्यागेल्याला बजावतात, "पिशवी बाहेर ठेव गं, आत पिल्लं झोपलीत."

शाळेला निघण्याआधी पिंजऱ्याची सफाई. मुताने ओल्या झालेल्या कागदाच्या पट्ट्या काढायच्या, नाहीतर अमोनियाचा उग्र वास साचतो आणि उंदरांची श्वासनलिका बिघडते. पण सगळा पिंजरा धुऊन पुसून कोरा करायचा नाही. घरट्यातला कोरडा, त्यांच्याच वासाचा गोळा तसाच परत ठेवायचा. स्वतःचा वास गेला की उंदराला आपण परक्या जागी आलो असं वाटतं. त्या दिवशी तो बिथरलेला असतो आणि चावतोही. सुताराकडचा भुसा मी वापरत नाही. त्यात प्लायवुडचा डिंक आणि बारीक धूळ असते, आणि देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा तर छातीला वाईटच. जुन्या वह्यांचे कोरे कागद फाडून केलेल्या पट्ट्या इथे उत्तम चालतात.

घरट्याशेजारी माझ्या जुन्या सुती ओढणीचा हातभर तुकडा ठेवला आहे. रात्री तो मी उशाला घेते आणि सकाळी पिंजऱ्यात टाकते. दिवसभर पिल्लं त्यावर झोपतात आणि मी नसतानाही माझा वास त्यांच्या झोपेत असतो.

अकरा ते पाच

हा वेळ शाळेचा. पिल्लं झोपलेली असतात, त्यामुळे सांगण्यासारखं थोडंच.

आज आठवीच्या वर्गात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमची आजी म्हणते उंदीर पाळला की प्लेग होतो." आजीचं भय उगाच नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात पसरला, आणि १० मार्च १८९७ ला त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. या महिन्यात त्यांची जयंती साजरी केलेल्या मुलांना ते माहीत होतं. त्याच वर्षीच्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची त्यांची प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की प्लेग माणसापर्यंत नेते ती उंदराच्या अंगावरची पिसू. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले तेव्हा या मुलांचे आईवडील शाळेत जात असतील.

मग मी वर्गाला सांगितलं: प्लेगचा धोका येतो तो रानातल्या आणि कोठारातल्या उंदरांपासून, त्यांच्या पिसवांपासून. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या, पिसवा नसलेल्या पांढऱ्या उंदराला त्या रांगेत उभं करू नका. पण घरात शिरलेला उंदीर हाताने धरू नका, आणि पाळीव उंदरांच्या पिंजऱ्यापर्यंत त्याला पोचू देऊ नका. आजीला जाऊन दोन्ही गोष्टी सांगा, अर्धीच नको.

संध्याकाळी साडेपाच

मुलगा दारात उभा असतो. "काकू, आज काय?" रोज हाच प्रश्न.

आज पाईप. नळकाम झाल्यावर उरलेल्या पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा, कडा घासून गुळगुळीत केलेला. तो गेले काही दिवस पिंजऱ्यातच आहे, पिल्लं त्यात शिरून बसतात. मी त्याला दाखवते: पाईप हळूच पिल्लाजवळ सरकवायचा, ती आपोआप आत जाते, मग दोन्ही टोकांवर हलके तळहात ठेवून पाईप उचलायचा. पिल्लू हवेत आलं तरी त्याच्या चारी बाजूंनी भिंत असते, म्हणून ते घाबरत नाही.

"पण दुकानवाला शेपटीला धरून उचलायचा की."

त्याचं उत्तर मी अभ्यासातून देते, कारण तो मुलगा पुराव्याला मान देतो. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये ‘नेचर मेथड्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापला. काही उंदरांना रोज शेपटीला धरून उचललं, काहींना नळीतून आणि काहींना ओंजळीतून. शेपटीला धरलेले उंदीर हात आला की दूर पळत, हाताळताना जास्त मुतत, आणि भीती मोजण्याच्या चाचण्यांत जास्त घाबरट निघाले. नळीतले आणि ओंजळीतले उंदीर आपण होऊन हाताकडे येत. उंदीर त्याच जातीचे, हाताळण्याची पद्धत तेवढी वेगळी. तोपर्यंत जगभरच्या प्रयोगशाळांत शेपटीला धरणं हीच रीत होती. एका साध्या प्रश्नाने ती बदलायला लागली याचा मला फार आनंद वाटतो.

आज त्याचे वडीलही आलेत, कारखान्यातून थेट. दार उघडताच पिल्लं करवंटीत गुडुप. "मला बघूनच पळाल्या," ते म्हणतात, जरा खट्टू होऊन. मी त्यांना बसायला सांगते. २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं की पुरुषाच्या नुसत्या वासानेही, अगदी त्याने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी, उंदरांवर ताण येतो. बाईच्या वासाने तसं होत नाही. पण पुरुष तिथेच शांत बसून राहिला तर अर्ध्या-पाऊण तासात तो ताण ओसरतो. "म्हणजे मी फक्त बसायचं?" "हो दादा, फक्त बसायचं. तेवढंच काम आहे." ते मोबाइल बाजूला ठेवून खुर्चीत बसतात. माझ्या मते आज संध्याकाळचं सगळ्यात अवघड काम त्यांनी केलं.

संध्याकाळी सात

पिल्लांचा दिवस आता सुरू झालाय. न्हाणीघरातला मोठा कोरडा टब मधोमध ठेवून आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना मांडी घालून बसतो. तळाला जुनी चादर. या वयाची पिल्लं अंगावरून अचानक उड्या मारतात. माणूस उभा असताना उंचावरून पडलं तर इवलासा पाय मोडतो, म्हणून उंदीर हातात घेताना जमिनीवरच बसायचं. टबाच्या कडा उंच आहेत, पळून जायला वाव नाही, त्यामुळे कुणाला झडप घालायची वेळ येत नाही. झडप घातली की आठवडाभराची कमाई गेली.

पाईप टबात आडवा ठेवतो. तपकिरी मादी बाहेर येते, चादरीवरून पळते, मुलाच्या हाताशी थांबते. त्याचा उताणा तळहात चादरीवर, मध्ये ओटचे दोन दाणे. ती चढते. हातावर उंदराचे पाय पहिल्यांदा पडले की प्रत्येकाचा हात शहारतो. त्याचाही शहारतो, पण तो ओढत नाही. "आता दुसरा हात हळू बाजूने आण, वरून नको. वाटीसारखा कर. बंद करू नकोस." दुसरा हात येतो. दोन-चार सेकंद ती ओंजळीत बसते आणि चक्क तोंड धुते. पुढचे पाय निवांत तोंडावरून फिरवणारा उंदीर बहुधा घाबरलेला नसतो, ही खूण मी त्याला आधी सांगून ठेवली होती. तो माझ्याकडे बघतो. बोलत नाही, कारण बोललं तर हात हलेल.

पांढऱ्यांपैकी धाकटी अजून तयार नाही. पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या उंदरांची नजर अधू असते आणि उजेड त्यांना सोसत नाही, म्हणून खोलीत एकच मंद दिवा आहे. तरी हात तिच्या जवळ येताच ती चावते. छोटासा रक्ताचा थेंब.

सगळं शिकवणं या एका क्षणासाठी होतं. हात मागे झटकला असता तर दोन गोष्टी झाल्या असत्या. एक, दात रुतलेलं पिल्लू हाताबरोबर उडून भिंतीवर आपटलं असतं. दोन, तिला कळलं असतं की चावलं की हात जातो. मग ती दर वेळी चावली असती. मुलगा हात जागीच ठेवतो. ओठ दाबतो, पण हात हलत नाही. पिल्लू सोडतं, मागे होतं आणि बघतं: हात तिथेच आहे, त्याने काहीच केलं नाही. मग तो सावकाश हात बाजूला घेतो, मी तिच्यापुढे पाईप सरकवते, ती शिरते, परत पिंजऱ्यात. मारायचं नाही, तोंडावर फुंकर घालायची नाही, ओरडायचं नाही. तिला शिक्षा कळत नाही, फक्त भीती कळते, आणि ती तिच्याकडे आधीच पुष्कळ आहे.

मग नळाखाली बोट, साबण आणि वाहतं पाणी, चांगली पंधरा मिनिटं. वर जंतुनाशक.

रात्री साडेआठ

मुलाला घ्यायला त्याची आई येते. बोटावरचा बँड-एड बघून तिचा चेहरा उतरतो.

"ताई, रेबीज नाही ना होणार?"

पिंजऱ्यातच जन्मलेल्या आणि वाढलेल्या उंदराच्या चाव्यात ती भीती जवळजवळ नाही, पण धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर झालंय का ते बघायचं आणि जखम सुजली, ताप आला किंवा सांधे दुखले तर डॉक्टरांना उंदीर चावल्याचं मुद्दाम सांगायचं. घरातला किंवा शेतातला रानटी उंदीर चावला तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. उंदरांच्या चाव्यातून येणारा ताप असतो, आणि त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसही पसरतो.

मग मी विचारते, "घरात कुणी गरोदर आहे का?" त्यांची जाऊ सहाव्या महिन्यात आहे. तिने पिंजऱ्याची सफाई करायची नाही आणि पिल्लं हातात घ्यायची नाहीत. उंदरांकडून क्वचित येणारा एक विषाणू पोटातल्या बाळाला इजा करू शकतो. पिंजरा तिच्या खोलीपासून दूर, हवेशीर जागी ठेवायचा आणि हात लावला की हात धुवायचे. घाबरायचं नाही, पण ही मर्यादा पाळायची. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं याचं मला समाधान वाटतं. प्राण्यावरचं प्रेम माणसांच्या काळजीला मारक ठरलं तर ते प्रेम घरात टिकत नाही.

तिसरी गोष्ट मामासाठी. तो आता एक नर आणून देणार म्हणतोय, "जोडी असावी" म्हणून. मी स्पष्ट सांगते, आणू नका. मादी सहा आठवड्यांच्या आसपास वयात येते, गर्भ एकोणीस ते एकवीस दिवसांचा, एका वेताला सहा ते बारा पिल्लं, आणि व्यायल्यावर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाच्या आत घर उंदरांनी भरेल आणि मग खरंच बागेची वाट धरावी लागेल. दोन नर एकत्र ठेवले तर बहुधा रक्त निघेपर्यंत भांडतात. तीन बहिणी एकत्र सुखाने राहतात. यांना आता सोबत पुरेशी आहे.

पुढचा प्राणी आणायचाच असेल तर दुकान नोंदणीकृत आहे का ते विचारा, हेही सांगते. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनुसार दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.

रात्री दहा

घर शांत झाल्यावर मी वही उघडते. वजन, खाणं, कोण आपण होऊन हातावर आलं, कोण चावलं आणि चाव्याच्या आधी काय घडलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आजच्या चाव्याच्या आधी मुलाने जांभई देताना हात वर नेला होता. धाकटीने पंख पाहिले असणार. उद्या त्याला तेवढंच सांगायचं.

उंदरांची अशी टिपणं ठेवणारी माणसं जगात फार पूर्वीपासून आहेत. जपानमध्ये १७८७ साली रंगीबेरंगी पाळीव उंदीर कसे वाढवावेत यावर पुस्तिका निघाली होती. इंग्लंडमध्ये १८९५ मध्ये उंदीर पाळणाऱ्यांचा राष्ट्रीय क्लब स्थापन झाला. आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावात ॲबी लॅथ्रॉप नावाच्या बाईने १९०० नंतरच्या काळात हौशी लोकांसाठी उंदरांची पैदास करायला घेतली. तीही आधी शाळेत शिकवायची. तिच्या काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसल्या, त्या तिने शास्त्रज्ञांना पाठवल्या आणि कर्करोगाच्या संशोधनात स्वतः सहभागी झाली. तिच्याकडच्या उंदरांपासून जी शुद्ध वाणं तयार झाली त्यातल्या एकाचा जनुकसंच २००२ मध्ये जगाने वाचला. आज औषधशास्त्रात उंदरांवरून जे काही कळतं त्यातला मोठा वाटा अशा एका घरगुती पैदाशीपर्यंत मागे जातो. हे वाचल्यापासून माझ्या घरातली ही वही मला अधिक गंभीर वाटते.

मागच्या खोलीत आता पूर्ण जाग आहे. लाल उजेडात तिघी चाकावर, करवंटीवर, पाईपमधून फिरताहेत. बाजरी, थोडे ओट, उकडलेल्या अंड्याचा कण आणि आज हंगामाच्या पहिल्या द्राक्षाची एक पातळ फोड, चांगली धुऊन, कारण बागांवर फवारण्या झालेल्या असतात. द्राक्ष आठवड्यातून एकदाच. साखर जास्त झाली की पोट बिघडतं.

शनिवारी पिल्लं मुलाच्या घरी जातील. धाकटी तोपर्यंत तयार झाली नसेल तर पाईप सोबत जाईल, ओंजळ नंतर. पिंजऱ्यावर चिकटवायला मी त्याला कागद लिहून देते आहे: हात बाजूने, वरून नाही. शेपटी कधीच नाही. चावली तर थांब. रोज सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी सातला, परीक्षा असली तरी. उंदीर दीड ते दोन वर्षं जगतो, जपला तर थोडा जास्त. मुलगा आता सातवीत आहे. पिल्लं धडधाकट राहिली तर त्याच्या नववीपर्यंत त्याच्याबरोबर असतील, आणि तेवढी सगळी वर्षं त्याचा हात त्यांना ओळखीचाच वाटला पाहिजे. त्याच्या आईने आज जाताना विचारलं, "सुट्टीत आम्ही गावी गेलो तर?" मी म्हटलं, "इथे आणून ठेवा. ओढणीचा तुकडा मी जपून ठेवला आहे. त्याचा एक जुना शर्ट तेवढा बरोबर द्या."